कर्लीचा काटा आणि मानेतले पडदे

रत्नागिरीत कान-नाक-घशाची डॉक्टरकी करता करता माझे केस पांढरे झाले, पण "डॉक्टर, घशात माशाचा काटा अडकलाय" असं सरळ सांगणारा इथला माणूस मला क्वचितच भेटला. बाहेरची माणसं सांगतात. बदली होऊन आलेले बँकेतले साहेब, समुद्र बघायला आलेलं एखादं कुटुंब, ही मंडळी जेवणाच्या ताटावरून उठून तडक येतात आणि आ करून बसतात. मी चिमट्याने काटा काढते, ते त्याचा मोबाइलवर फोटो घेतात आणि जातात. इथला माणूस मात्र "घसा धरलाय" म्हणून येतो, नाहीतर "थंड प्यायलो होतो" म्हणून येतो. ज्याची हयात माशांवर गेली त्याच्या घशात काटा अडकतो म्हणजे काय, ही लाज. शिवाय आधी घरचा उपाय झालेला असतो. भाताचा गोळा न चावता गिळायचा, त्याने काटा गेला नाही तर केळं, त्यानेही नाही गेला तर आणखी मोठा गोळा. पुष्कळदा काटा जातोही, म्हणून तर हा उपाय टिकून आहे. जेव्हा जात नाही तेव्हा तो गोळा काट्याला घशाच्या भिंतीत ठोकून बसवतो. हे मी ओरडून ओरडून सांगत आले आहे. माझ्या सख्ख्या आत्यालाही सांगितलं होतं आणि तिने "होय गो बाय, खरा हाय" म्हणून मान डोलावली होती.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. मी शाळेत असताना माझी आई गेली आणि त्यानंतर माझ्या वेण्या, माझे डबे, माझी आजारपणं सगळं हिने केलं. तिचं लग्न माझ्यापायी लांबलं असं नातेवाईक म्हणायचे. ती म्हणायची, "चांगला झाला, तेवढीच सासू कमी भोगली." आता ती मिरजोळ्याला राहते, एमआयडीसीच्या अलीकडे. नवरा बोटीवर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा तिथल्याच एका कंपनीत आहे. आत्याच्या हातचं कालवण खाऊन मी वाढले आणि तिचा ताठा बघूनही वाढले. तो ताठा थोडा माझ्यातही उतरला आहे, हे माझ्याकडे शिकायला येणारी पोरं सांगतील.

तर झालं असं की आत्याच्या मुलाचं लग्न ठरत होतं. मुलगी पुण्याची. तिचे आईवडील घर बघायला येणार, म्हणून आत्या आठवडाभर अंगण झाडत होती. पुण्याची मंडळी मासे खाणारी होती, पण त्यांचं मासे खाणं म्हणजे सुरमईची तुकडी नाहीतर पापलेट. आत्याने मला फोनवर सांगितलं, "सुरमय काय कोन पन खाईल. मी कर्ली करतंय."

कर्ली हा मासा ज्यांनी खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगते. लांब, चांदीसारखा चकचकीत, चवीला असा की बाकीचे मासे त्यापुढे पाणचट वाटावेत, आणि अंगभर काटे. तेही सरळ नाहीत, टोकाला दोन फाटे फुटलेले. कर्ली खाणाऱ्याच्या जिभेला काटे निवडता यावे लागतात. ही विद्या आत्याकडे होती, आणि ती पाहुण्यांसमोर दाखवायची हौसही होती. मी त्या दिवशी ओपीडीत होते, पण पुढे भावाने, म्हणजे आत्याच्या मुलाने, सगळं सांगितलं. आत्या पाहुण्यांच्या पंगतीतच बसली. मुलीचे वडील तुकडी चिवडत बसले तेव्हा ती म्हणाली, "असा नाय भावजी, असा," आणि कर्लीचा घास तोंडात घालून, बोलत बोलत, एकेक काटा ओठांच्या कोपऱ्यातून काढून दाखवू लागली. पाहुणे बघतच राहिले. तेवढ्यात ती बोलता बोलता थांबली. मग कोरड्या भाताचा मोठा गोळा करून गिळला. मग म्हणाली, "जेवनावर केळा बरा असता," आणि दोन केळी खाल्ली. पुण्याच्या विहीणबाईंनी इथल्या आहाराचं कौतुक केलं.

पाहुणे खूश होऊन गेले. आत्याची मान दुसऱ्या दिवसापासून दुखायला लागली. "झाडून झाडून आखडली," असं ती म्हणाली आणि मुलाला ते पटलं, कारण तिला झाडताना त्याने बघितलं होतंच. त्याने मेडिकलमधून मानेचा पट्टा आणून बांधला. दोन दिवस गेले, ताप आला. आत्या स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप भाताचे गोळे गिळतच होती.

मला त्याचा फोन आला तो वेगळ्याच कामासाठी, साखरपुड्याचा हॉल ठरवायला. शेवटी जाता जाता म्हणाला, "ताई, आईची मान धरलीय. तू काहीतरी गोळी सांग. आणि जेवत नाहीये बघ. काल बांगड्याचं कालवण पुढ्यात होतं, तर तिने ताट सरकवलं."

आत्याने बांगड्याचं ताट सरकवलं! मी ओपीडीत तपासायला आलेल्या बाईंना थांबायला सांगितलं आणि गाडी काढली.

आत्या पलंगावर बसून होती, आडवी होत नव्हती. पट्टा लावलेली मान एका बाजूला कलती, हनुवटी पुढे, हातात वाटी आणि त्या वाटीत थुंकी. स्वतःची थुंकी तिला गिळता येत नव्हती. "ये गो," म्हणाली, तर आवाज तोंडात गरम घास धरून बोलावं तसा. मी पट्टा सोडून फेकला. बॅटरी लावून घशात बघितलं, तर घशाची मागची भिंत एका बाजूने फुगून पुढे आलेली. मानेवर बोट दाबलं तर कातडीखाली बारीक कुरकुर झाली, कुरमुऱ्यांची पिशवी दाबावी तशी. मानेत हवा शिरली होती, म्हणजे भिंतीला भोक पडलेलं होतं.

"काटा कधी अडकला?" मी विचारलं.

"कसला काटा? मला काय झाला नाय."

भाऊ दारात उभा होता. मी त्याला गाडी वळवून लावायला पाठवलं आणि पुन्हा विचारलं. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोळ्यांत पाणी मी आईच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

"पावन्यांसमोर झाला गो. आता त्यांना काय सांगू? कोकनातली बाय, आनि कर्ली खाता येत नाय? पोराला सांगू नको."

मला भयंकर संताप आला. उचलून गाडीत बसवलं आणि गाडीतून आधी स्कॅनिंग सेंटरला फोन केला.

मानेच्या आत काय असतं ते इथे सांगायला हवं, कारण आत्याचा जीव त्यावर टांगलेला होता. शिकायला येणारी पोरं हा भाग पाठ करतात, परीक्षेत ओकतात आणि विसरतात. मी शिकवायला लागले की मागच्या बाकावरचे डुलक्या घेतात. त्यांना वाटतं, मान म्हणजे डोकं धडाला जोडणारा खांब. मी सांगते, मान म्हणजे एकात एक गुंडाळलेले पडदे. केळीचा खांब सोलताना आतून आत सोपटं निघत जातात ना, तसे. सर्वांत बाहेरचा पडदा अख्ख्या मानेला वेढतो. वाटेत मोठा स्नायू आला की दुभंगून त्याला पोटात घेतो आणि पलीकडे पुन्हा जुळतो. त्याच्या आतला पडदा श्वासनलिका, अन्ननलिका आणि थायरॉइड यांना एकत्र बांधतो. सर्वांत आतला पडदा मणक्यांना आणि त्यांच्या स्नायूंना गच्च धरून असतो. दोन्ही बाजूंना, या तिन्ही पडद्यांचे धागे एकत्र येऊन एकेक म्यान होतं, आणि त्यात मेंदूकडे जाणारी मोठी धमनी, तिकडून परत येणारी शीर आणि एक लांब मज्जातंतू शेजारी शेजारी नांदतात.

पडद्यांच्या मध्ये फटी असतात. आपण गिळतो तेव्हा घसा वरखाली होतो, मान वळवतो तेव्हा आतलं काही ओढलं जात नाही, ते या फटींमुळे. पण जिथून घसा सहज सरकतो तिथून पूही सहज उतरतो. त्यातली एक फट वाईट. अन्ननलिकेच्या मागे आणि मणक्यांच्या पुढे सर्वांत आतला पडदा दोन पदरांचा होतो. त्या दोन पदरांमधली वाट कवटीच्या तळाशी सुरू होते ती हृदयाच्या मागून थेट छातीच्या तळापर्यंत. मध्ये दार नाही, उंबरा नाही. वैद्यकाच्या पुस्तकांत तिचं नावच धोक्याची जागा असं आहे. मानेतला पू तिथे शिरला की छातीत जातो, आणि छातीत गेला की हातात फारसं काही उरत नाही.

स्कॅनची फिल्म हातात आली. अन्ननलिकेच्या मागे पू साठलेला होता आणि तो गळ्याच्या खाचेपर्यंत खाली आला होता. त्यात एक बारीक पांढरी रेघ तिरकी दिसत होती, तो काटा. पू अजून अन्ननलिका आणि तो दुपदरी पडदा यांच्यामधल्या पहिल्याच फटीत होता. धोक्याच्या जागेपासून त्याला अडवत होता तो एक पदर, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतका.

आता भावाला सांगणं भागच होतं. त्याने ऐकलं, आधी हसला, मग भिंतीकडे तोंड करून रडला. "ताई, कर्लीसाठी? माझ्या लग्नापायी?" मी म्हटलं, "रडायचं नंतर. आता ऐक." पाकिटाच्या पाठीवर तीन रेघा काढून मी त्याला पडदे दाखवले, पू कुठे आहे ते दाखवलं आणि कुठे जाऊ शकतो तेही दाखवलं.

आमचे भूल देणारे डॉक्टर सावध गृहस्थ. ते म्हणाले, "मॅडम, कोल्हापूरला पाठवूया. तिथे छातीचे सर्जन आहेत. आणि तुमच्या घरचं माणूस आहे. आपल्या माणसावर आपण हात टाकू नये."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी विचारलं, "घसा आतून फुगतोय. आंबा घाटाच्या वळणावर हिचा श्वास अडकला तर गाडीत गळ्याला छिद्र कोण पाडणार? आणि तो पापुद्रा कोल्हापूरपर्यंत टिकेल असं तुम्ही मला लिहून द्याल?"

भावाने विचारलं, "ताई, तू करशील?"

"करीन," मी म्हटलं. हे मी उसनं अवसान आणून म्हटलं नाही. माणसांचे चेहरे वेगवेगळे असतात, स्वभाव तर त्याहून वेगवेगळे, पण मानेतले पडदे घरच्या माणसात आणि परक्या माणसात सारखेच असतात. त्या वाटेने मी अनेकदा आत गेले होते. आत्याच्या मानेत मला परकं काही भेटणार नव्हतं.

दुपारीच तिला टेबलावर घेतलं. आधी श्वासाची सोय करायची होती, आणि तीही ती जागी असताना. भूल देऊन तोंडावाटे नळी घालायला गेलो असतो तर ते गळू तिथेच फुटून पू फुप्फुसात गेला असता. म्हणून गळ्यात जागा बधिर करणारं इंजेक्शन दिलं. "आत्या, हलू नको," मी म्हटलं. मास्कवरून तिला माझे डोळेच दिसत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि खरंच हलली नाही. गळ्याच्या खाचेवर छिद्र पाडून श्वासाची नळी बसवली, हवा आत-बाहेर होऊ लागली, आणि मग भूलवाल्या डॉक्टरांनी तिला झोपवलं. ते अधूनमधून माझ्या हातांकडे बघत होते.

कानामागून गळ्याच्या हाडाकडे तिरका उतरणारा जो जाड स्नायू आहे, त्याच्या पुढच्या काठाने मी चीर दिली. पहिला पडदा उघडला. स्नायू बाहेरच्या बाजूला ओढून धरला, त्याच्याबरोबर ते म्यानही, ज्यात ठोके पडत होते. श्वासनलिका आणि थायरॉइड आतल्या बाजूला सरकवले. इथून पुढे सुरी नको. पोरांना मी हेच सांगते, पडद्यांची ओळख असेल तर पुढची वाट बोट काढतं. धार जे कापू नये ते कापते. बोट जिथे फट आहे तिथेच जातं. मी उजव्या हाताची तर्जनी त्या वाटेने मागे सरकवली. डावीकडे धमनीचा ठोका, उजवीकडे श्वासनलिकेच्या कडक कड्या, समोर मणक्यांचा टणकपणा. मग एक मऊ फुगवटा लागला, तो मी बोटाने फोडला. पू आला, घाण वासाचा, आणि खोलीतल्या सगळ्यांनी तोंडं फिरवली. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने "आला!" म्हणाले.

खाली बोट नेऊन तो पापुद्र्याएवढा पदर चाचपला. गुळगुळीत, अखंड. छाती वाचली होती. वर चाचपताना हातमोज्यातून बोटाला काहीतरी टोचलं. चिमट्याने ते पकडून बाहेर काढलं, तर दोन फाट्यांचा, नखाएवढा काटा. भूलवाले डॉक्टर म्हणाले, "एवढासा?"

"एवढासाच असतो," मी म्हटलं.

पुढचे दिवस कंटाळवाणे आणि चांगले होते. ताप उतरला, पू वाहायला जखमेत ठेवलेल्या दुसऱ्या नळीतून येणारा पू कमी होत गेला. नाकातल्या नळीतून आत्याच्या पोटात दूध आणि डाळीचं पाणी जायचं. ती त्या पिचकारीकडे अशा नजरेने बघायची की नर्सने दोनदा विचारलं, "आजींना माझा राग आलाय का?" गळ्यातल्या श्वासाच्या नळीमुळे आवाज नव्हता. माझ्या पोटात राग साठलेला होता आणि मी तो रोज तिच्या पलंगाशी नेऊन परत आणत होते. उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाशी भांडण्यात काही राम नसतो.

पुण्याची मंडळी भेटायला आली. मी "मानेत गळू झालं होतं" एवढंच सांगितलं, ते खरंच होतं. ते गेल्यावर आत्याने माझ्याकडे बघून हात जोडले. मी लक्ष दिलं नाही.

मग श्वासाची नळी निघाली, छिद्रावर पट्टी बसली, आवाज आला, घोगरा पण तिचाच. खरी परीक्षा अजून व्हायची होती. काट्याने घशाच्या भिंतीला पाडलेलं भोक बुजलं की नाही? बुजलं नसेल तर तोंडाने घेतलेला प्रत्येक घोट भिंतीतून पुन्हा पडद्यांमध्ये जाणार. मग महिनोन्‌महिने पोटात नळी, कदाचित मोठं ऑपरेशन, कदाचित आत्याने परत कधी घास गिळायचाच नाही. हे मी तिला सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. घरात एकदा लपवून झालं होतं.

मानेच्या जखमेवर पांढरी कोरी गॉज ठेवली. पेल्यात पाणी घेऊन त्यात निळं औषध टाकलं. गॉजवर निळं आलं तर भोक उघडं, नाही आलं तर बुजलं. आत्याने पेला हातात घेतला आणि तसाच धरून बसली. पाहुण्यांसमोर कर्ली खाणारी ही बाई घोटभर पाण्याला घाबरली होती. मीही घाबरले होते, आणि त्या सगळ्या प्रकारात फक्त तेव्हाच.

"गिळ," मी म्हटलं.

तिने गिळलं. गळा वर गेला, खाली आला. आणखी एक घोट. आणखी एक. मी, भाऊ आणि नर्स, तिघंही तिच्या मानेकडे बघत होतो. गॉज पांढरी होती. थोडा वेळ थांबलो. मी ती उचलून उजेडात धरली, उलटी करून बघितली. पांढरीच.

मग माझा बांध फुटला. इतके दिवस साठवलेलं सगळं मी बोलले. लाज जास्त की जीव जास्त, गोळे गिळताना माझं बोलणं आठवलं नाही का, पुण्याच्या माणसांसमोर नाक वर राहावं म्हणून तू मरायला निघाली होतीस, तू गेली असतीस तर मी कोणाकडे बघायचं होतं. शेवटचं वाक्य बोलताना मी रडत होते. ओठ आणि जीभ निळी झालेली आत्या ऐकत होती. एरवी तिला एक बोल लावला की ती चार परत करते.

मी थांबल्यावर तिने विचारलं, "कंचा बोट गो?"

"काय?"

"माझ्या मानेत घातलंस ता. ह्यो सांगत व्हता. कंचा?"

मी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. तिने ती उलटीसुलटी करून बघितली, मग आपल्या मुठीत घेतली आणि उशीवर मान टेकून डोळे मिटले. बाहेर ओपीडीत माणसं खोळंबली होती. आत्याला झोप लागली, श्वास संथ झाला, तरी मूठ सैल झाली नाही, आणि मीही बोट काढून घेतलं नाही.